गेलेली पत

आमच्या बऱ्हाणपुरात चार भाषा एकाच पेठेत नांदतात. सकाळी सूत आणावयास निघालेला मनुष्य घरात मराठी बोलतो, वाटेत हिंदी बोलतो, पेढीवर गुजरातीत भाव ऐकतो आणि मागावरच्या कारागिराशी उर्दूत हिशेब करतो. या चारी भाषांत एका अदृश्य वस्तूला स्वतंत्र नाव आहे. हिंदीत तिला साख म्हणतात, गुजरातीत शाख, उर्दूत एतबार आणि मराठीत पत. ही वस्तू तिजोरीत ठेवता येत नाही, तागडीत तोलता येत नाही. परंतु तिच्यावाचून पेठेतील व्यवहार एक दिवसही चालावयाचा नाही. असलेली पत कोणाच्या ध्यानात येत नाही. ती गेली म्हणजे मात्र घरातील लहान मुलालाही कळते.

मी या गावच्या एका कापडाच्या पेढीवर ३५ वर्षे कीर्द आणि खतावणी लिहिली. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणे हाच माझा धंदा; त्यामुळे पत कशी वाढते आणि कशी ओसरते, हे पाहण्याची संधी मला पुष्कळ मिळाली. गेल्या वर्षी तोच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला, आणि तो अशा वेषात आला की जुन्या खतावणीत त्याचे पान सापडेना. माझ्या पुतण्याने विचारले, "काका, नवी क्रेडिट कार्डे घ्यावीत की नकोत?" प्रश्न लहान दिसतो. तो लहान का नाही, हे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

पुतण्याचे आठ यंत्रमाग आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते थांबले. पुढल्या वर्षी त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, आजारी पडले आणि औषधोपचारात घरातील शिल्लक संपली. त्या दिवसांत दोन क्रेडिट कार्डांवर घर चालले. कार्डाच्या बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक पूर्ण देण्याचा व दुसरा किमान देण्याचा. पुतण्या किमान आकडा भरीत गेला. हा किमान आकडा मोठा गोड असतो. समजा ६०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा शेकडा साडेतीन आहे. एका महिन्याचे व्याज झाले २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३७८ रुपये. कर्जदाराने पोटाला चिमटा घेऊन ३,००० रुपये भरले, तरी मुद्दलातून फिटले अवघे ५२२. शिवाय बाकी शिल्लक राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता; तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. तेव्हा या बाबतीत कर्जदाराने कायद्याच्या आधारावर निश्चिंत राहू नये, हेच बरे.

शेवटी २०२२ मध्ये त्यांतील एका कार्डाचे देणे तडजोडीने मिटले. येणे होते ७८,००० रुपये. ५४,००० घेऊन बँकेने २४,००० सोडून दिले. घरात सर्वांना हायसे वाटले. दुसरे कार्ड ४०,००० रुपये मर्यादेचे. ते वाचले आणि आता त्याचे बिल तो दरमहा पुरते भरतो. माग पुन्हा चालू लागले. तरीही मध्यंतरी एका कामासाठी कर्ज मागावयास गेला असता त्याला नम्रपणे परत पाठविण्यात आले. कारण एकच, पतमाहिती अहवालात त्या जुन्या कार्डापुढे 'सेटल्ड' असा शब्द लिहिलेला आहे. आपल्याला तो शब्द 'मिटले' असा ऐकू येतो. बँकेला तो 'पुरते आले नाही' असा ऐकू येतो.

या अहवालाचे स्वरूप आपल्या वाचकांना जुन्या व्यवहारावरून चटकन उमगेल. बऱ्हाणपूर हे सुरत आणि आग्रा यांच्या वाटेवरचे नाके. १७ व्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी या वाटेने फिरला, आणि निरनिराळ्या शहरांत सुरतेवरच्या हुंडीला काय दर पडे ते त्याने लिहून ठेवले. लाहोरास शेकडा सव्वासहापर्यंत, आग्र्यास सव्वाचार ते पाच, गोव्यास चार ते पाच आणि बऱ्हाणपुरास अडीच ते तीन. एवढ्या दूरवर पैसा कागदावर बसून जात असे, तो केवळ लिहिणाऱ्याच्या आणि सकारणाऱ्याच्या नावावर. हुंडी वाटेत हरवली तर पेठ देत. तीही हरवली तर परपेठ. आणि पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला खोखा म्हणत. परक्याला तो रद्दीचा कागद वाटेल. पेढीच्या दृष्टीने मात्र तो खरा दागिना, कारण शब्द दिला होता आणि तो पाळला, याची ती लेखी साक्ष असे.

पेठेतील सराफ एकमेकांना ओळखत. पुढे शहरात नोकरीसाठी आलेल्या साध्या माणसाला ओळखणारे कोणी उरले नाही, तेव्हा त्यांनी आपसांत ओळख बांधली. मुंबईस १९०६ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी स्थापिली. १९१८ साली सारस्वत सहकारी संस्था निघाली. घरातील लग्न, जुन्या देण्याची फेड, आजारपण अशा प्रसंगी सभासदाला थोडकी रक्कम मिळावी हा या दुसरीचा आरंभीचा हेतू होता. तिथे जामीन राहणारा आणि कर्ज घेणारा एकमेकांच्या घरी जाणारे असत. या पृष्ठांच्या पुष्कळ वाचकांच्या आजोबांची पहिली सही अशाच एखाद्या वहीत असेल.

आज देश मोठा आणि कर्जदार अगणित. म्हणून ओळखीचे काम आकड्यावर सोपविले आहे. सिबिल ही संस्था २००० साली निघाली. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला. आता अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येक कर्जाची माहिती, कोणत्या महिन्यात हप्ता आला, किती दिवस उशिरा आला, खाते मिटले की सोडून द्यावे लागले, हे सर्व बँका त्यांना कळवितात, आणि त्यावरून ३०० ते ९०० या पट्टीवर माणसाचा एक अंक निघतो. ७५० च्या वर अंक असला की बँका सहसा प्रसन्न असतात. पुतण्याचा अंक ६४० च्या आसपास रेंगाळत होता.

एरवी त्याने धीर धरला असता. परंतु त्याची मुलगी अकरावीत आहे आणि तिला अभियांत्रिकीकडे जावयाचे आहे. शैक्षणिक कर्जात मुलाबरोबर आईबापही सहकर्जदार असतात. म्हणून दोन वर्षांनी तिच्या अर्जासोबत बापाचा अहवालही उघडला जाणार. सूनबाई फोंड्याकडची. तिच्या माहेरी कर्जाला रीण म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. "आमच्या रिणाची शिक्षा पोरीला नको," एवढेच ती म्हणाली. नव्या कार्डांच्या प्रश्नामागे खरे काय होते, ते मला त्या वाक्याने समजले.

कार्डे घ्यावीत असे सांगणाऱ्याचे गणित खोटे नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. एका परिचिताने ते पुतण्याला कागदावर मांडून दिले होते. आज मर्यादा ४०,००० ची आणि महिन्याचा खर्च १८,००० चा. म्हणजे मर्यादेचा ४५ टक्के भाग वापरला जातो. ३० टक्क्यांच्या आत वापर असावा असे या क्षेत्रातील लोक सांगतात. आणखी तीन कार्डे घेऊन एकूण मर्यादा १,६०,००० झाली, तर तोच खर्च सव्वाअकरा टक्क्यांवर येतो. खर्च तोच, देणे तेच, आणि तरी अंक वर चढतो. त्यातून रोज एखादा फोन येई, की आपल्यासाठी कार्ड मंजूरच आहे, फक्त होकार द्या. ज्याला दोन वर्षे सर्वांनी नकार दिला, त्याला असा होकार किती गोड वाटत असेल, याची कल्पना ज्याची पत कधी गेली नाही त्याला यावयाची नाही.

परंतु कीर्द लिहिणाऱ्याला एक खोड असते. बेरीज बरोबर आली तरी रकमा कुठून आल्या ते तो पाहतो. तीन कार्डांसाठी तीन अर्ज करावे लागणार. प्रत्येक अर्जासरशी बँक अहवाल मागविते आणि त्या चौकशीची नोंद अहवालातच होते. आपला अहवाल आपण पाहिला तर अंकाला धक्का लागत नाही. कर्ज देणाऱ्याने पाहिला तर लागतो, आणि थोड्या दिवसांत अनेकांनी पाहिला तर अधिक लागतो. अर्ज नाकारला, असे अहवालात लिहीत नाहीत हे खरे. पण चौकशी आहे आणि तिच्यामागून खाते उघडलेले नाही, हे पुढच्या बँकेला दिसतेच. जुन्या पेठेतही एकाच दिवशी पाच पेढ्यांच्या पायऱ्या चढणारा मनुष्य सहाव्या पेढीवर पोहोचण्याआधी त्याची वार्ता तिथे पोहोचत असे. शिवाय 'सेटल्ड' ही नोंद कायम असताना तिन्ही अर्ज मंजूर होतील, हे त्या कागदावर गृहीतच धरले होते. मंजूर झाले तरी खाती कोवळी. सर्व खात्यांचे सरासरी वय त्यांच्यामुळे खाली येणार. आणि १,२०,००० रुपयांची नवी मर्यादा घरात आल्यावर, सुताचा भाव चढला अथवा माग बिघडला, तर ती केवळ शोभेला राहील याची हमी कोणी द्यावी?

मग मी त्याला एकच विचारले. "तुला कार्ड पैशासाठी हवे आहे, की नावासाठी?" तो म्हणाला, "नावासाठीच, काका." पैशासाठी हवे असते तर माझे उत्तर तत्काळ नाही असे झाले असते, कारण वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याजाच्या पैशाने सावरलेला धंदा मी पाहिलेला नाही. नावासाठी हवे असेल तर मात्र विचार करण्यास जागा होती. परंतु नाव जिथे डागाळले आहे ते पान सोडून नवीन पान उघडल्याने नाव सुधारेल का, हा खरा प्रश्न होता.

संत एकनाथांची एक कथा आपल्याकडे सांगतात. जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेबाचे काम असता त्यांना एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्याच्या उजेडात त्यांनी वह्या चाळल्या, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली. कथेचा रोख पारमार्थिक आहे, हे आपण जाणतोच. परंतु मला मुनीम या नात्याने तिच्यातील दुसरी गोष्ट फार आवडते. नाथांनी ती पै पदरची घालून बेरीज जुळविली नाही. जिथे चुकले होते तिथे ते गेले.

आम्हीही प्रथम तेच केले. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय २०१७ पासून आहे. ते चारही मागविले आणि ओळीने वाचले. एका अहवालात फार पूर्वी फिटलेले लहानसे कर्ज अद्याप चालू दाखविले होते. त्याबद्दल तक्रार केली. अशा तक्रारीचे ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्यावर ती मागण्याची वेळ आली नाही, दुरुस्ती वेळेत झाली.

राहिली ती 'सेटल्ड' ची ओळ. ती चूक नव्हती, खरीच होती. ती पालटण्याचा मार्ग एकच, सोडून दिलेले २४,००० रुपये आता भरावयाचे आणि देणे निरंक झाल्याचे पत्र घ्यावयाचे. यावर घरात मतभेद झाला. जे पैसे कोणी मागत नाही, ज्यांच्यासाठी कोणी दारात येणार नाही, ते परत का द्यावे? एवढ्या पैशात मुलीला संगणक येईल. हा विचार अनीतीचा होता असे मी म्हणणार नाही. तडजोड दोन्ही पक्षांच्या संमतीने झाली होती. बँकेने ती आजवर घेतलेल्या व्याजाकडे पाहूनच केली असेल. कायद्याने पुतण्या मोकळा होता. परंतु अग्नी आणि ऋण यांचा शेष मागे ठेवू नये, हे वडीलधाऱ्या मंडळींचे सांगणे मला या ठिकाणी केवळ धर्माचे नव्हे, तर व्यवहाराचेही वाटले. शेष लहान असतो तोवरच तो फेडता येतो. आणि इथे तर त्या शेषाची सावली एका मुलीच्या अर्जावर पडणार होती.

पुतण्याने दोन जुने माग विकले. भंगाराच्या भावाने गेले, म्हणून जिवाला लागले. पैकी एक त्याच्या वडिलांनी घेतलेला होता. रक्कम भरली. देणे निरंक झाल्याचे पत्र आले आणि काही आठवड्यांनी अहवालातील शब्द पालटून 'बंद' असा झाला. उशिरा आलेल्या हप्त्यांच्या जुन्या खुणा त्याने पुसल्या गेल्या नाहीत. त्या काही वर्षे राहणारच. परंतु ते पत्र पुतण्याने देवघराच्या फडताळात ठेवले आहे, आणि मी त्याला आपल्या घरचा खोखा म्हणतो.

मर्यादेच्या वापराचा प्रश्न नव्या कार्डावाचूनही पुष्कळसा सुटला. बिल तयार होण्याची तारीख ठाऊक असते. तिच्या आधीच चार-सहा दिवस तो खर्चाचा मोठा भाग भरून टाकतो. बिलावर बाकी थोडी उरते आणि कंपन्यांना तेवढीच कळते. सुताची खरेदी त्याने कार्डावरून काढून बँक खात्यावर आणली. वाचलेले जुने कार्ड मात्र बंद करू नकोस, असे मी बजावले; ते सर्वांत जुने खाते आणि त्याचे वय हीच त्याची कमाई.

मग नवे कार्ड मुळीच नको काय? विचारांती आम्ही एक घेतले, पण सहा महिने थांबून आणि ठेवीवर. आपलीच मुदत ठेव बँकेत ठेवावयाची आणि तिच्या तारणावर, साधारणतः तिच्याहून काहीशी कमी मर्यादा असलेले कार्ड घ्यावयाचे. यात अर्ज नाकारला जाण्याचे भय फारसे नसते, ठेवीवर व्याज मिळत राहते, आणि मर्यादा आपल्याच पैशाची असल्याने हात आखडता राहतो. पुतण्याची ठेव २५,००० ची. त्या कार्डावर घरचे विजेचे बिल तेवढे भरले जाते आणि वेळेपूर्वी चुकते होते. ज्यांच्याजवळ एकही चालू खाते उरलेले नाही, त्यांना पुन्हा नाव लिहिण्यासाठी असे एक पान लागतेच. तीन पाने लागत नाहीत.

फोनवरच्या गोड आवाजाबद्दलही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. न मागता कार्ड पाठवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा निर्देश आहे. आलेले कार्ड ३० दिवसांत चालू केले नाही, तर बँकेला पुन्हा ग्राहकाची संमती विचारावी लागते, आणि ती न मिळाल्यास ७ कामकाजाच्या दिवसांत ते विनाशुल्क बंद करावे लागते. तेव्हा 'मंजूरच आहे' या शब्दांना भुलण्याचे अथवा भिण्याचे कारण नाही. मंजुरी आपण द्यावयाची असते.

आमच्या गावापासून जवळच, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी वाटेने कुंडामागून कुंड ओलांडीत शहराकडे येते. पाण्यातील चुना त्या वाटेत साचतो आणि प्रवाह कमी होतो. तेव्हा वर आणखी एखादे कुंड खणून पाणी वाढत नाही. साचलेला चुना काढावा लागतो, आणि मग डोंगर देईल तेवढे पाणी त्याच्या गतीने येते. या गावात जन्म गेल्यामुळे असेल, मला हे पत सावरण्याच्या कामासारखेच वाटते.

पुतण्याचा अंक आता ७१० च्या घरात आहे. तो एकदम वाढला नाही. कधी महिना-दीड महिना हलतही नाही, आणि तेवढ्यात कोणी नव्या कार्डाची गोष्ट काढली की त्याचे मन अद्याप चळते. मुलीचा प्रवेश पुढल्या वर्षी आहे. तोवर दर महिन्याला वेळेवर भरलेले एक बिल, एवढीच साधना उरली आहे. आणि ती तो न चुकता करतो आहे.